डावं कोणाचं?

कड्याकाठी जव पिकवणारा देसालेव दोन महिने गेलाडा माकडांच्या नोंदी करत होता: चिडलेला नर शत्रूला कोणत्या बाजूला ठेवतो? संशोधक त्सेदाले वही पाहून वैतागली.

"सकाळी सगळं उजवं, संध्याकाळी सगळं डावं? काका, हे डावं-उजवं कोणाचं?"

"माझं. माकडाला कोण विचारणार, पोरी?"

"मग सगळी मेहनत पाण्यात!"

देसालेव विचारात पडला. "सकाळी ती कडा चढून येतात, तेव्हा तोंड माझ्याकडे. संध्याकाळी उतरताना पाठ. सकाळचं तेवढं उलटं कर."

तिने उलटं केलं. चिडलेल्या नराने शत्रूला जवळजवळ प्रत्येक वेळी आपल्या डाव्या बाजूला ठेवलं होतं.

"उद्यापासून माकडाचं डावं लिहा," एवढंच बोलून तिने वही परत दिली.