शेवंताबाईंची बदली

आता कसं सांगू राजेहो! चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. स्वतःच्याच दालमिलचं मी असं वाटोळं केलं, की दुश्मनालाही जमलं नसतं!

अकोल्यात माझी तुरीची दालमिल आहे. वीस वर्षं झाली. मुलगी मागे लागली, "बाबा, मालकानं शिकत राह्यलं पाहिजे." म्हणून अमरावतीला दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथले सर म्हणाले, "बिघाड झाला की माणसावर खेकसू नका. सगळी व्यवस्था बघा. 'का?' विचारत मुळापर्यंत जा."

मला एवढं पटलं, एवढं पटलं, की परतताना बडनेऱ्यापासूनच मी व्यवस्था बघायला लागलो!

सकाळी मिलमध्ये शिरलो आणि थबकलोच. अंगणात तूर वाळत घातलेली, आणि आमच्या सगळ्यात जुन्या कामगार शेवंताबाई तिथं बसून चक्क तूर खात होत्या! दाणा तोंडात, कचकन चावला, थू! थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"तूर पाहून राह्यली, भाऊ."

"मंग डोयानं पाहा ना!"

त्याच दिवशी त्यांना पोती शिवायला बसवलं आणि वाळवणापाशी घड्याळ टांगलं. ठरलेले तास भरले की तूर आत. झाली सुधारणा!

तिसऱ्या दिवशी डाळ बघितली. अरे बाप्पा! निम्मी चपटलेली, वर सालपट तसंच. नेहमीचा व्यापारी मूठ उघडून म्हणाला, "भाऊ, हे डाळ हाये का पोहे?"

पण मी खेकसलो नाही हं! सगळ्यांना गोळा केलं, व्यापाऱ्यालाही बसवलं आणि मशीनवाल्या गजाननला शांतपणे विचारलं,

"सालपट काहून निघालं नाई?"

"तूर ओली व्हती."

"ओली तूर आत काहून घेतली?"

"आभाळ व्हतं, पन घड्याळात टाइम भरला व्हता."

"वाळली का नाई, हे कोनी काहून पाह्यलं नाई?"

"ते काम शेवंताबाईचं."

"मंग त्यायनं काहून नाई पाह्यलं?" मी छाती फुगवून विचारलं. मूळ सापडलंच होतं ना!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्यापारीसुद्धा.

गजानन चाचरत म्हणाला, "तुमीच बाईले पोते शिवाले बसोलं ना, भाऊ. बाई दातानं पाहे."

कानशिलं तापली माझी! उठलो आणि शेवंताबाईंपुढे हात जोडले. "चुकलो, बाई. आता मलेही शिकवा."

त्यांनी वाळवणापाशी नेलं, हातावर दाणा ठेवला. "चावा. ओला असन तं दबन. सुकला असन तं कट्ट वाजन."

सगळ्यांदेखत मी सारा जोर लावून चावला. कट्ट!

"सुकली!" शेवंताबाईंनी आरोळी ठोकली. "घ्या रे आत!"

माणसं टोपल्या घेऊन धावली. मी एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं थांबवतोय, पण ऐकतंय कोण? आणि तोंड उघडून सांगू तरी कसं? तूर ओलीच होती हो, वाजली ती माझी दाढ!