आबांच्या जहाजाची सर्विस

माझे वडील सैन्यात होते तेव्हा वर्षातून एकदा मोठ्या रजेवर घरी यायचे. आमचं गाव आष्ट्याजवळ. दुपारी सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले की आबा मला एका जहाजाची हकिगत सांगायचे. जहाज पाण्यातलं नव्हे, आभाळातलं. ताऱ्यांच्या मधून जाणारं. त्याचं नाव विचारलं तर म्हणायचे, "पलटणीच्या गाडीला नाव नसतंय, नंबर असतोय. आन् नंबर सांगायची परवानगी न्हाई."

त्या जहाजाने कधी तोफ डागली नाही. दोन ताऱ्यांच्या मध्ये एक वाट होती, तिच्यावर गोठलेली धूळ साचायची. ती हटवून वाट मोकळी ठेवायची, एवढंच त्याचं काम. मागून रसदीची जहाजं यायची आणि पुढच्या चौक्यांवर जायची. जहाजात लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर होतं, तिथल्या रोट्या गार झाल्या की दाताने तुटायच्या नाहीत. एका साली इंजिन बिघडलं आणि जहाज एका काळोख्या चंद्रापाशी अडकून पडलं. एका साली नवे साहेब आले, त्यांना थंडी सोसेना, म्हणून सगळ्यांनी आपापली एकेक घोंगडी त्यांना दिली. प्रत्येक रजेत मागच्या वर्षाची सर्विस सांगून व्हायची. आबा खरोखर कुठे असतात हे विचारलं तर "लांब" एवढंच उत्तर यायचं. जहाजाबद्दल विचारलं की ते तासभर बोलायचे, म्हणून मी जहाजाबद्दलच विचारायची.

एका वर्षी ते अवेळी आले. ऊसतोड चालू होती. गालाची हाडं वर आलेली, उजव्या हाताची दोन बोटं काळी पडलेली. बरेच दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत. शेवटी मीच शेंगांची पाटी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली आणि जहाजाचं विचारलं.

"तिघं गेली," आबा म्हणाले. "वाट साफ करायला भाईर उतरलीती. वरनं धूळ ढासळली. गावली न्हाईत."

"मग जहाज थांबलं?"

"थांबलं थोडं."

"आणि मग?"

"मग फुडं गेलं. हुकूम हुता."

आईने आतून हाक मारली आणि मला परसात कोथिंबीर आणायला पिटाळलं. परत आले तोवर आबा रानात निघून गेले होते. शेंगा तशाच होत्या.

त्यानंतर जहाजाला मागच्या भागात बदली मिळाली. ते नव्या भरतीच्या पोरांना शिकवू लागलं. आबांची पेन्शन झाली त्याच वर्षी जहाजही सेवेतून उतरलं. आता कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हाय एका माळाला उभं." पुढे ऊस, म्हशी आणि सोसायटीचं राजकारण यांत ते गुंतले आणि जहाजाचा विषय घरातून गेला.

मी लग्न होऊन साताऱ्याला आले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. माझी मुलगी लहान असताना जेवायला त्रास द्यायची. तिला भरवताना मी जहाज पुन्हा बाहेर काढलं. सांगता सांगता लिहून काढलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याचं मुलांसाठी पुस्तक झालं. सर्विस सगळी आबांनी सांगितली तशीच ठेवली होती. फक्त त्या तिघांच्या प्रकरणापाशी माझी लेक रडायची, म्हणून मी त्यांना परत आणलं होतं. मागून येणारं रसदीचं जहाज त्यांना उचलून घेतं आणि ते सुखरूप घरी पोचतात.

पहिली प्रत घेऊन मी गावी गेले. आबांनी चष्मा पुसला आणि सोप्यात खुर्ची घेऊन वाचायला बसले. मधूनमधून हसत होते. रोट्यांचं वाचून त्यांनी आईला बोलावून ते पान ऐकवलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं, त्यांचं बोट आत होतं.

"ही तिघं परत कुठनं आली?"

"आबा, लहान मुलांचं पुस्तक आहे. मुलांना वाईट वाटतं."

"वाटू दे की. ती आली न्हाईत."

चहा त्यांनी घेतला नाही. सकाळी मी साताऱ्याला निघायच्या तयारीत होते, तर आबा धुवट टोपी घालून गाडीपाशी उभे. "जतकडं घे," म्हणाले. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जा घिऊन. आवंदा त्येंचं जायचं ऱ्हायलंय."

पेन्शनीनंतर दर वर्षी ऊस कारखान्याला गेला की आबा एक दिवस एकटेच कुठे तरी जायचे. बैल बघायला जातात, असं आम्ही मुलं समजायचो. बैल मात्र कधी आला नाही. त्याचं नवल मला त्या दिवशी गाडीत बसल्यावर वाटलं.

मिरज गेली, कवठेमहांकाळ गेलं. द्राक्षबागा विरळ झाल्या, माळ सुरू झाला. आबा समोर बघत बोलू लागले, आणि पहिल्यांदाच त्यात जहाज नव्हतं. पलटण रस्त्यावरचं बर्फ काढायचं काम करायची. त्या दिवशी वरच्या चौकीवर आजारी माणसं अडकली होती, त्यांना खाली आणायला रस्ता मोकळा करायचा होता. बर्फाचा कडा सुटला आणि पुढची तिघं त्याखाली गेली. बाकीच्यांनी फावड्यांनी, मग हातांनी बर्फ उकरलं. दिवस कलल्यावर पुढे जायचा हुकूम आला.

"हुकूम चुकीचा नव्हता," आबा म्हणाले. "वरची माणसं वाचली. आमची तिघं बर्फ वितळल्यावर गावली. त्यातला एक हिकडचा."

घर वस्तीवर होतं. दारात जाळीच्या कुंपणात मेंढरं, मागे नव्याने लावलेलं डाळिंब. अलीकडे कॅनॉलचं पाणी आलंय. ओट्यावर एक फार म्हातारी बाई बसली होती. त्या जवानाची आई. तिने आबांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"उशीर केलास बाबा."

"गुडघं दुखत्यात आई आता."

"ही कोण?"

"लेक माझी. आमच्या सर्विसचं पुस्तक लिव्हलंय तिनं."

म्हातारीने मला जवळ बसवून घेतलं. "माझ्या ल्योकाचं हाय का त्यात?"

मी आबांकडे पाहिलं. ते मेंढरांकडे बघत होते.

"आहे," मी म्हणाले.

"काय लिव्हलंयस?"

खोटं सांगणं त्या ओट्यावर जमणारं नव्हतं. मी म्हणाले, "आजी, पुस्तकात तो घरी परत येतो."

तिची सून चुलीपाशी काम थांबवून उभी राहिली. मला वाटलं, आता उठून जावं.

"आल्यावर जेवला का?" म्हातारीने विचारलं.

मी ते लिहिलं नव्हतं. सुखरूप घरी पोचले, एवढ्यावर प्रकरण संपवलं होतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, तो आला की आधी हुलग्याचं माडगं मागायचा, वाटी तोंडाला लावून उभ्यानंच प्यायचा, मग बसायचा. आबा उठून कुंपणापाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी वडिलांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सुनेने पाण्याचा तांब्या नेऊन त्यांच्याजवळ ठेवला आणि आत गेली.

परतताना आबांना मी विचारलं, "प्रकरण बदलू का? पुन्हा छापताना करता येईल."

"तुझं तू बघ," ते म्हणाले. "मी आता कायबी म्हणणार न्हाई."

मी ते बदललं. नव्या छपाईत ती तिघं परत येत नाहीत. त्यांच्यातल्या एकाची आई माळावर राहते. वाट मोकळी करून झाली की जहाज दर वर्षी तिच्या दारात उतरतं, आणि त्या मुक्कामाची नोंद कुठेच नसते. माझी लेक आता मोठी झालीय. तिने वाचलं आणि पुस्तक मला परत दिलं.

यंदा आबांना गाडीत बसवेना. गुडघ्यांनी पार हार खाल्ली आहे. ऊस तुटून गेल्यावर मी गावी गेले आणि माझ्या फोनवरून त्या घरी फोन लावून दिला. सुनेने फोन म्हातारीच्या कानाशी धरला. तिला आता ऐकू येत नाही.

"आई, मी बोलतोय. पलटणीतला," आबा मोठ्याने म्हणाले.

पलीकडून मेंढरांचा आवाज तेवढा येत होता. सुनेने सांगितलं, "त्यास्नी कळलंय, मान हालवत्यात. ठिवू का?"

"नगं," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे जरा चालू."

फोन कानाला लावून ते सोप्यात बसून राहिले. आईने त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली.