क्रूस हलवला त्या दिवशीची सहल

आमच्या चर्चच्या विश्वस्ताने मला फसवलं, आणि माझ्या हातून गावातल्या सगळ्या तरुण पोरांना फसवलं.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या पूर्वेला आमच्या गावठाणाभोवती इमारती उठत होत्या. चर्चच्या युवक मंडळाच्या सहली मी ठरवायचो. कुठे जायचं ते फक्त मला आणि बसवाल्याला ठाऊक. पोरांना एवढंच सांगायचं, डबा घ्या, रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या फाटकाशी उभे राहा. डोंगरावर न्यायचं असलं तरी मी टॉवेल आणायला लावायचो. बस घोडबंदरकडे वळते की भिवंडीकडे, यावर आत पैजा लागायच्या.

गावाच्या तोंडाशी आमचा क्रूस होता. प्लेगच्या साथीत जुन्या लोकांनी नवस करून उभारलेला. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे गाव जमून रोझरीची प्रार्थना म्हणायचं. मागची वाडी घेतलेल्या बिल्डरला ट्रकसाठी वाट हवी होती आणि क्रूस आडवा येत होता. त्याचे मजूर पहारी घेऊन आले, तेव्हा आमची पोरं क्रूसाच्या चौथऱ्यावर जाऊन बसली. मजूर परत गेले.

त्यानंतर विश्वस्त माझ्या दुकानात आला. नात्याने माझा काका लागतो.

"बिल्डरने नाद सोडला रे. पोरांनी गावाची लाज राखली. त्यांना मस्त लांब कुठेतरी घेऊन जा. बस मी ठरवलीय."

"काका, बसचं मी बघतो. तुम्हाला लुटतील."

"या वेळी घासाघीस नको. फक्त एकही पोरगा मागे ठेवू नकोस. आणि दिवेलागणीच्या आत परतू नका."

हा माणूस मेणबत्तीवाल्याशीही अर्धा तास हुज्जत घालायचा. तो बसचा भाव न करता मोकळा झाला, आणि टोपलीतली भाजी विकत, भाव करत वर आलेल्या मला संशय यायच्या ऐवजी ते गोड वाटलं.

पोरांना तानसा तलावावर नेलं. एकाला ताप होता, त्यालाही घोंगडीत गुंडाळून बसमध्ये घातलं. परतताना सगळे गात होते. गावाच्या तोंडाशी बस वळली आणि पुढच्या सीटवरून एकेक आवाज बंद होत गेला.

चौथऱ्याच्या जागी ओली माती पसरली होती. तिच्यावर ट्रकच्या चाकांच्या खुणा. क्रूसापुढे रोज दिवा लावणारी म्हातारी कडेला बसली होती.

"कुठं होता रे तुम्ही सगळे?" तिने विचारलं. "मी एकटी काय करणार होते?"

मग सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

क्रूस चर्चच्या मागे, मोडक्या बाकांच्या ढिगाला टेकवून ठेवला होता. मी तसाच काकाच्या दारात गेलो आणि ओरडलो.

"आवाज खाली कर," तो म्हणाला. "मोडलाय का कोणी? हलवलाय फक्त. पोरं इथे असती तर पोलिसांनी उचलली असती. उपकार मान."

मंडळाची सहल पुन्हा निघाली नाही. काही पोरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मलाही सगळं माहीत होतं असं त्यांना अजून वाटतं. काका आजही मिस्साला पहिल्या बाकावर बसतो.

काका, एका रविवारी त्या बाकावरून उठा आणि गावाकडे तोंड करा. क्रूस उचलायला होकार कोणी दिला आणि कशाच्या बदल्यात, ते सांगा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, हेही तुमच्याच तोंडून सांगा.