मागे पडणारं घड्याळ

पारोळ्याच्या बाजारपेठेत आमचं घड्याळांचं दुकान आहे. वडिलांनी, मिश्रीलालजींनी मांडलं, मी चालवतो, आणि माझा मुलगा रोनक ते मोडून मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकू म्हणतो. हल्ली गिऱ्हाईक येतं ते खरेदीला नाही, सल्ल्याला. "ललितशेठ, ते भारीतलं स्मार्टवॉच घ्यावं, की आपलं काट्यांचंच बरं?" मला फुकटात विचारायचं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचं. मीही काही कमी नाही. त्यांना स्टुलावर बसवतो, चहा मागवत नाही, आणि मंदाअक्काची गोष्ट सांगतो. मग म्हणतो, आता काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मंदाअक्का म्हणजे लीलाधर पाटलांची बायको. गावाबाहेर अमळनेर रस्त्याला त्यांची कपाशी, शेताला लागूनच घर. लीलाधरभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा जितेंद्र बंगलोरला मोठ्या कंपनीत. अक्का घरी एकटी, पण एकटी म्हणून कुणी कीव केलेली तिला खपायची नाही. कीव करणाऱ्याला ती शेतातलं काहीतरी उचलायला लावते.

तिच्या मनगटावर कायम नवऱ्याचं घड्याळ. लग्नात तिच्या वडिलांनी जावयाला दिलेलं, चावीचं. पुरुषी घड्याळ, तिच्या हाताला ढिलं, म्हणून पट्ट्याला तिने स्वतःच दाभणाने जादा भोक पाडलेलं. ते घड्याळ रोज थोडं मागे पडायचं. मी किती वेळा म्हणालो, "अक्का, द्या इकडे, साफ करून तेल घालून देतो. एक पैसा घेणार नाही." मारवाड्याने एक पैसा घेणार नाही म्हणणं ही काही लहान गोष्ट नाही. पण ती हात मागे घ्यायची.

"नको रे भाऊ. ते मांगे पडस, म्हनीसन जितूले रोज इचारता येस."

त्यामागची हकीकत अशी. जितेंद्र शिकायला धुळ्याला गेला तेव्हा लीलाधरभाऊ संध्याकाळी होस्टेलवर फोन करायचे. माणूस अबोल. बैलांशी तासभर बोलेल, पण पोराशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. "तुझी आठवण येते" हे शब्द आमच्याकडच्या बापांना कुणी शिकवलेच नाहीत. मग ते विचारायचे, "किती वाजनात रे?" पोरगा वेळ सांगायचा. भाऊ घड्याळ लावून घ्यायचे, चावी द्यायचे, आणि तेवढ्यात त्यांना पुढचा प्रश्न सुचायचा, "जेवना का?" तिथून मग गाडी रुळावर यायची. भाऊ गेले, घड्याळ अक्काच्या हातात आलं, आणि प्रश्नही तिच्याकडे आला. जितेंद्र बंगलोरहून रोज संध्याकाळी फोन करायचा आणि हॅलोच्या आधी अक्का विचारायची, "किती वाजनात रे?" तोही हसून सांगायचा. घड्याळ लागायचं, चावी बसायची, मग वांगी, शेजारीण, कंपनी, पाऊसपाणी, सगळं निघायचं.

दिवाळीला जितेंद्र आला तो स्मार्टवॉच घेऊन. काळं, गुळगुळीत, भारीतलं. रोनकने मोबाइलवर किंमत बघून मला दाखवली तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. एकेकाळी तेवढ्यात बैलजोडी आली असती. जितेंद्रने आईच्या हातातलं जुनं घड्याळ काढून डब्यात ठेवलं आणि नवं बांधलं. पोरगा वाईट नाही हो, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला काळजी होती. आई एकटी, त्यात ब्लडप्रेशर. "आई, तू किती चाललीस, किती झोपलीस, ठोके कसे पडतात, सगळं मला तिकडे फोनवर दिसेल. चुकून पडलीस तरी हे मला लगेच कळवेल. आता मला टेन्शन नाही."

अक्का त्या दिवसांत हात जरा पुढेच धरून चालायची. शेजारच्या सुंदरबाईने विचारलं नाही तरी दाखवायची. माझ्या दुकानात येऊन मात्र तक्रार केली.

"ललितभाऊ, दिनभर वाकीसन कापूस येचा. घर ईसन जराशी बठनू, तं हाई माले म्हनस, उभी ऱ्हाय! मनी सासूनी बी असं कधी कयं नही."

आम्ही दोघं खूप हसलो. पुढे पुढे मात्र ती घड्याळाबद्दल काही बोलेनाशी झाली.

झालं होतं ते असं. रोजचा फोन एक दिवसाआड आला. मग रविवारी. मधल्या दिवसांत मोबाइलवर अंगठा यायचा, कधी लाल बदाम. दुधाची तहान ताकावर. आणि रविवारी फोन आला तरी बोलायला काही उरायचं नाही. तो म्हणायचा, "आई, काल झोप कमी झाली ना?" ती म्हणायची, "तुले काय माहीत?" "दिसतं ना मला इथे." गोळी घेतली का हे विचारायची गरज नाही, ठोके बरोबर होते. शेतात गेली होतीस का हे विचारायची गरज नाही, पावलं मोजलेली होती. आणि तिने वेळ विचारायचा तर प्रश्नच मिटला. तिच्या मनगटावर बंगलोरइतकीच अचूक वेळ होती, सेकंदासकट. ज्याला सगळं माहीत आहे त्याला सांगणार काय?

एकदा ती दुकानात आली आणि काही न घेता बराच वेळ बसली. भिंतीवरची घड्याळं बघत होती. जाताना म्हणाली, "पोऱ्याले मनी काळजी शे, मी काय नही म्हनत नही. पन त्यानं इचारनं माले आवडे." माझी आई, धनकुंवरबाई, जाईपर्यंत मला रोज रात्री 'दुकान वाढवलं का?' विचारायची. दुकान बंद करून समोर उभा असलेल्या मला! मी चिडायचो. आता ते विचारणारं कुणी नाही.

पौषात कपाशी निघाली आणि अक्काने शेतात भरीत ठेवलं. आमच्याकडे थंडीत हे असतंच. कपाशीच्या वाळल्या झाडांचा, पऱ्हाट्यांचा, जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे लाकडाचं लांबट, खोलगट भांडं. अक्काचं माहेर यावलकडचं. बोली पारोळ्याची झाली, पण बडगी माहेरून आणलेली ती आजतागायत तीच. भरीत ठेचायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. आम्ही जैन, म्हणून माझ्यासाठी बिनकांदा-लसणाचं आधी ठेचून बाजूला काढते, एवढं तिचं लक्ष.

तर अक्का बसली, दोन्ही हातांत मुसळी धरली आणि दणादण ठेचायला लागली. बायकांचा गलका, पोरांचा आरडाओरडा. हातातलं ते काळं घड्याळ थरथरतंय, ओरडतंय, ते ऐकायला कुणाला सवड? घड्याळाला वाटलं बाई पडली. बिचाऱ्याला भरीत काय माहीत! त्याने बंगलोरला कळवून टाकलं.

अक्काचा मोबाइल वाजला. हात भरताचे, म्हणून सुंदरबाईने तो तिच्या कानाला लावला. जितेंद्र इतक्या जोरात ओरडत होता की मला बांधावर ऐकू आलं. "आई! आई, तू पडलीस? बोल ना! आई!"

"अरे भरीत करी ऱ्हायनू!" अक्का म्हणाली.

पलीकडे तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज भरून आला हे आम्हा सगळ्यांना कळलं. मग तो बोलतच राहिला. वांगी कुठली, कोण कोण आलंय, ललितकाकांचं वेगळं काढलं का, कळण्याची भाकरी केलीस का. "मला पण ठेव गं थोडं," म्हणाला. अक्का फोनकडे मान कलती करून ऐकत होती. जाळाचा धूर डोळ्यांत जात होता तरी ती जागची हलली नाही. फोन ठेवल्यावर तिने माझ्या ताटात इतकं भरीत वाढलं की मला ते डब्यात बांधून न्यावं लागलं.

तो डबा परत करायला मी दोनेक आठवड्यांनी तिच्या घरी गेलो. दुपार कलली होती. अंगणात शिरतो तो आतून ठेचल्याचा आवाज. म्हटलं वा, ललित, तुझं नशीब जोरावर आहे. पण चूल थंड, वांग्याचा वास नाही. दारातून डोकावलो.

अक्का बडगीपुढे बसली होती. मुसळी वर जात होती, खाली येत होती. बडगी रिकामी होती.

मला क्षणभर भलतंच वाटलं. माणूस एकटं राहून राहून कधी कधी... तसं. मी हाक मारली तेव्हा ती दचकली, मुसळी टेकवली आणि पदराने कपाळ पुसलं. मोबाइल तिच्या मांडीवर होता. लाजली नाही की लपवलं नाही. मनगट माझ्यापुढे धरलं.

"ललितभाऊ, दख बरं. हाई बिघडनं का काय? कवयपासून ठोकी ऱ्हायनू, वाजतच नही."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खाटेवर बसलो. घड्याळ बघितलं, ठीक चालू होतं. मग तिचा मोबाइल घेतला. जितेंद्रचा आदल्या दिवसाचा निरोप न उघडता पडला होता. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तिला ते वाचताच येत नाही. मी वाचून दाखवला. वाचू नये असं वाटत होतं, पण ती समोर वाट बघत होती.

"आई, भरताच्या वेळी घड्याळ उगाच ओरडतं ना, म्हणून ते पडल्याचं मी इकडून बंद केलंय. आता तुला त्रास होणार नाही. भरीत मस्त कर."

अक्काने बडगी उचलून कोपऱ्यात उभी केली. मुसळी तिच्याजवळ ठेवली. मला त्या पोराचा राग आला. मग त्याच्यावर कसला राग, त्याने तर आईचा त्रासच वाचवला होता, म्हणून त्या घड्याळाचा राग आला. मग स्वतःचाच, की मी जन्मभर घड्याळं विकतो आणि या बाईला देण्यासारखं माझ्या दुकानात काहीच नाही.

तिने मनगटावरचं काळं घड्याळ सोडवलं, नीट पुसलं आणि खाटेवर ठेवलं. फडताळातून डबा काढला. त्यात भाऊंचं घड्याळ होतं, कधीचं बंद पडलेलं. तिने कानाला लावून चावी दिली. टिकटिक सुरू झाली तशी तिचा चेहरा सैल पडला. काटे भलतीकडेच होते. मी सवयीने माझ्या हाताकडे बघून वेळ सांगायला तोंड उघडलं.

"तू नको सांगू," ती म्हणाली. "तुले नही इचारी ऱ्हायनू."

आणि तिने जितेंद्रला फोन लावला. स्वतःहून ती कधी लावत नसे, पोरगा कामात असतो म्हणून. त्याने लगेच उचलला. तिचा मोबाइल कायम मोठ्या आवाजावर, मलाही सगळं ऐकू येत होतं; मागे माणसांचे आवाज होते.

"आई? काय झालं? घड्याळ काढलंस का? मला इथे काहीच दिसत नाहीये!"

"जितू," अक्का म्हणाली, "किती वाजनात रे?"

"अगं, मी मीटिंगमध्ये... तुझ्या हातात एवढं घड्याळ दिलंय ना?"

"ते घड्याय तुले मनं बठ्ठं सांगस रे भाऊ. माले तुनं काहीच सांगत नही." तिचा आवाज चढला नव्हता. "किती वाजनात ते सांग."

फोनमधून दार लोटल्याचा आवाज आला आणि मागची माणसं बोलायची थांबली. तो बाहेर आला असावा.

"चार वाजून दहा मिनिटं, आई," तो हळूच म्हणाला.

अक्काने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि काटे फिरवले. चावी पुन्हा थोडी दिली. घड्याळ मनगटावर चढवलं, तिने पाडलेल्या भोकात पट्टा अडकवला. हे सगळं होईपर्यंत तो पलीकडे थांबून होता. त्याला माहीत होतं पुढे काय येणार ते.

"जेवना का?"

"नाही गं," जितेंद्र म्हणाला. "नाही जेवलो, आई. सकाळपासून काहीच..."

"आत्तेच तू सांगं ना रे, चार वाजी ग्यात!" अक्का ओरडली आणि फोन घट्ट धरून मटकन खाली बसली. "नि तू आजून जेवना नही?"

मी भरताचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि आवाज न करता निघालो.