पांढरी ठेवलेली बाजू

तुमच्या गावच्या शववाहिनीवर कुणाचा फोटो आहे, हे तुम्ही कधी थांबून पाहिलंय का? मी पाहिलं ते पेंटरमामांना न्यायला गाडी आली त्या सकाळी. दीड महिना झाला. शेजारच्या पंक्चरवाल्यांचा फोन आला, "ताई, मामा गेले... दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या." मी पोचले तेव्हा गाडी दारात उभी होती आणि तिच्या अख्ख्या बाजूवर, खिडकीपासून मागच्या चाकापर्यंत, देणगीदार पुढारी हात जोडून हसत होते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हसतात, तसेच.

पेंटरमामा म्हणजे गंगाधरमामा. मूळचे बिलोलीचे, नांदेडात गाड्यांवर स्टिकर लावायचं रेडियमचं दुकान. आधी ब्रशनं पाट्या रंगवायचे. उतारवयात कॉम्प्युटर शिकले आणि गाडीला स्टिकर चढवण्याआधी ती कशी दिसेल, याचे नमुने करू लागले. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात बसायच्या जागेपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, आणि वडिलांचे सगळे बॅनर मामांकडं व्हायचे. त्यामुळं शाळेत असल्यापासून त्या दुकानात माझं एक काम ठरलेलं होतं. मामा गाडीचा फोटो काढत, टेपनं एकेक दार मोजत, हँडल आणि डिझेलचं झाकण कुठं येतं ते लिहून घेत, मग फोटोवर डिझाइन बसवून कागद छापत आणि दुकानाच्या भिंतीला लावत. मला रस्त्यापलीकडं उभं करत आणि ओरडत, "एक, दोन, तीन... बस्स! काय वाचलीस?" तिनापर्यंत जे वाचून होत नसे, ते निघायचं. अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या टेम्पोवरून त्यांनी घरातल्या सात जणांची नावं काढली. तो रुसला तर म्हणाले, "शेठ, टेम्पो पळून राहिला ना! थांबून खानदान सांगतो का तो?" मोर्चाच्या जीपसाठी मी चाळीस ओळी लिहून नेल्या, तेव्हा मलाही सुटका नव्हती. "पत्रकवाली, ही जीप हाय. लोकं हिला घडी घालून खिशात ठेवणार न्हाईत." चाळिसातल्या तीन उरल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या पुढाऱ्यानं शववाहिनी दान करायचं ठरवलं आणि काम मामांकडं आलं. मामांनी नमुना केला : गाडी पूर्ण पांढरी, खाली साध्या काळ्या अक्षरांत एकच ओळ. पुढाऱ्याची माणसं त्याचा फोटो घेऊन आली. मामा म्हणाले, "मेलेल्याच्या गाडीवर जित्याचा फोटू मी लावणार न्हाई." काम लातूरला गेलं. त्या माणसांच्या ओळखीतली गिऱ्हाइकंही हळूहळू तिकडंच गेली. मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं, पुढाऱ्याच्या नावानिशी, आणि मामांपुढं सहीला ठेवलं. त्यांनी चष्मा काढला. "तू वाटून घरी जाशील, पोरी. मला उद्या हितंच शटर उघडायचंय." मी त्यांना भित्रे म्हणाले. तोंडावर. मग चार महिने त्या रस्त्यानं गेले नाही. मामी जाऊन वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला. रस्त्यापलीकडं उभं राहायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला : "नवा नमुना लावलाय. येऊन वाच की." मी म्हणाले, सभा आहे, बघते.

त्या सकाळी मी नखानं त्या स्टिकरचा कोपरा उचलला. ड्रायव्हर धावत आला. "ताई, नका... नोकरी जाईल माझी." त्याचा चेहरा पाहून मी हात मागे घेतला. आयुष्यभर पत्रकं वाटलेली मी, तो कोपरा अंगठ्यानं दाबून पुन्हा चिकटवला आणि मामांशेजारी आत जाऊन बसले. चौकात एका माणसानं गाडी पाहून हात जोडले. आतल्याला की बाहेरच्याला, कळलं नाही.

परवा त्यांच्या मुलीनं दुकान रिकामं करायला बोलावलं. भिंतीवर तो नवा नमुना तसाच होता. तीच शववाहिनी, पुन्हा पांढरी. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात मामा गिऱ्हाइकाचं नाव लिहीत. इथं लिहिलं होतं, 'पत्रकवाली'. मी रस्ता ओलांडून माझ्या जागी उभी राहिले. पलीकडून कुणी मोजेना, म्हणून मीच मोजलं. एक, दोन, तीन... 'हळू जाऊ द्या. घरचं माणूस आहे.' वाचून झालं, तरी कुणी विचारलं नाही.

तो कागद आता माझ्याकडे आहे. तुमच्या गावात शववाहिनी घ्यायचं चाललं असेल, तर त्या बैठकीला जा आणि गाडीच्या बाजू पांढऱ्या ठेवायला सांगा. ओळ हवी असेल तर मामांची घ्या. आणि गाडी आली की एकदा रस्त्यापलीकडं उभं राहून, तीन मोजून, ती मोठ्यानं वाचा.