लाइन मोकळी पाहिजे

अब्बांना मरणाची फार भीती वाटायची. स्वतःच्या नाही, दादीच्या.

काल अब्बाच गेले.

शारजात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये २००१ सालीही इंटरनेट नव्हतं. "अब्बा, एव्हरीवन हॅज इट!" मी भांडायचे.

त्यांचं उत्तर ठरलेलं. "नेट लावलं की फोन एंगेज. लाइन मोकळी पाहिजे. खलास!"

कारण दर शुक्रवारी चार वाजता दादी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून, बूथवरून फोन लावायची.
दोन रिंग, मग कट. म्हणजे दादी बरी आहे.
वाजतच राहिला, तर उचलायचा. म्हणजे काहीतरी वाईट झालंय.

एका शुक्रवारी, अब्बा साडेतीनच्या सुमारास असरच्या नमाजला गेलेले असताना, मी मैत्रिणीच्या भावाचा लॅपटॉप बेडरूममधल्या फोनच्या वायरला जोडला. दहाच मिनिटं म्हणत चॅट करत बसले. घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेपाच वाजले होते.

घाईघाईने वायर काढली आणि हॉलमध्ये आले.

अब्बा फोनशेजारी बसले होते. रिसीव्हरला हातही लावला नव्हता. उचलला आणि नेमकी तेव्हाच रिंग आली तर?

"वाजलाच नाही गं," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक.

शेवटी त्यांनी उचलून बघितला. डायलटोन होता.

"फोन तर ठीक आहे."

फोन ठीक, म्हणजे दादी ठीक नाही.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.
एक. दोन.
तीन.
चार. वाजतच राहिला.

"तू उचल, बेटा. माझ्याने नाही होणार."

मी उचलला. पलीकडे दादीच होती, धाय मोकलून रडत.

"माझा इस्माईल गेला ना? खरं सांग! तासभर लाइन बिझी. घरात मयत असल्याशिवाय एवढे फोन येतात का?"

अब्बांनी रिसीव्हर हिसकावून घेतला. "अम्मा, मी आहे! मी बोलतोय!" रडत होते आणि हसतही होते.

मग म्हणाले, "रिसीव्हर नीट ठेवला नव्हता, अम्मा. माझीच चूक."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. उघड्या दारातून बेडरूममधला लॅपटॉप सरळ दिसत होता.

फोन ठेवून त्यांनी बेडरूमचं दार हळूच लोटून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे कित्येक शुक्रवार चार वाजायच्या आत मीच फोनशेजारी जाऊन बसायचे.

दोन वर्षांनी दादी गेली.

तिचा चाळिसावा दिवस झाला आणि अब्बा मॉडेम घेऊन घरी आले. माझ्या हातात दिला.

"घे, लाव. आता लाइन अडली तरी चालेल."

अब्बा, त्या शुक्रवारी लाइन मी अडवली होती. तुम्हाला माहीत होतं, तरी एकदा तोंडाने सांगायला हवं होतं. वीस वर्षांत हिंमत झाली नाही.

माफ करा. अल्लाह तुम्हाला जन्नत नसीब करो.