आधी ती जेवते

आमच्या नऊ वर्षांच्या इराने शाळेच्या प्रोजेक्टसाठी माउस लेमूर निवडला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की प्रकरण चार्टपेपरवर भागणार नाही. मादागास्करचा हा मुठीत मावणारा प्राणी रात्री जागतो, दिसतो उंदरासारखा आणि आहे मात्र माकडांच्या गणगोतातला. "आय वॉन्ट टू सी अ रिअल वन," हे तिने वर्षभर लावून धरलं. मादागास्कर खिशाला झेपणारं नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनात एक लेमूर केंद्र आहे असं कळलं आणि माझ्या नवऱ्याने, सुमितने, गाडी काढली.

घरून, म्हणजे आयसेलिनहून, शुक्रवारी दुपारी निघालो. वॉशिंग्टनच्या आसपास ट्रॅफिकने जीव खाल्ला, म्हणून रिचमंडला मोटेलमध्ये मुक्काम केला. खोली नव्वद डॉलर, सकाळचं वॉफल फुकट. तुम्ही जाणार असाल तर तिकिटं आधी बुक करा आणि वेळेवर पोचा. दुसरा सल्ला स्वानुभवातून देतेय.

शनिवारी साडेअकराची टूर होती. वाटेत रेस्ट एरियात मी डबा उघडला. मेथीचे पराठे, दही, शेंगदाण्याची चटणी. आधी इराला वाढलं, मग सुमितला, मग पुन्हा सुमितला.

"यार, तू पण सोबतच खा ना. लेट होतोय," सुमित म्हणाला.

"तुमचं होऊ दे आधी."

हे वाक्य माझी आई म्हणायची, आजीही म्हणायची. त्यांचा लेमूर मात्र कधी चुकला नाही. दोघांचं आटोपल्यावर मी जेवले, डबे पुसून भरले, आणि आम्ही पोचलो तेव्हा ग्रुप आत जाऊन बराच वेळ झाला होता. इरा रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारातल्या गाइडला तिचा चेहरा बघून दया आली. शेवटची पाच मिनिटं तिने आम्हाला आत घेतलं. तिथे दिव्यांनी दिवसाची रात्र केलेली असते, त्यामुळे भर दुपारी मिणमिणता लाल उजेड. चार मिनिटं नुसत्या फांद्या दिसल्या. इराने माझा हात घट्ट धरला होता आणि मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घालत होते.

मग पानांआडून दोन भलेमोठे डोळे आले. मादी होती. तिने दोन्ही हातांत अळी धरली आणि तब्येतीत खायला सुरुवात केली. मागच्या फांदीवर नर गप्प बसून होता. गाइड कुजबुजली की यांच्यात खाण्यावर पहिला हक्क मादीचा, नराने आगाऊपणा केला तर फटका मिळतो. पुढच्या टंचाईसाठी ती शेपटीत चरबी साठवते. मी कमरेत साठवते, तीही उरलेल्या पराठ्यांची.

"बिचारा," सुमित पुटपुटला.

"आई, लुक! शी ईट्स फर्स्ट!" इराचे डोळे त्या मादीएवढेच मोठे झाले होते.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. बाहेरचं खाऊन कंटाळा आला होता, म्हणून मी पोळ्या टाकल्या. पहिली फुगली, तूप लावलं आणि सवयीने सुमितच्या ताटाकडे वळले. इराने ती मधेच उचलून माझ्या ताटात ठेवली आणि खुर्ची ओढली.

"अगं, तुमचं होऊ..."

"नो. आई, तू आधी."

एरवी मराठीत हूं की चूं न करणारी ही मुलगी! सुमितने मुकाट्याने गॅस बंद केला आणि दोघं रिकामी ताटं घेऊन माझ्यासमोर बसून राहिले. मला अवघडल्यासारखं झालं आणि खरं सांगते, फार बरंही वाटलं. पहिल्याच घासाला जीभ भाजली. इतकी गरम पोळी खायची सवयच नव्हती.